मोहाच्या भट्टीतलं पाणी

आदिलाबादच्या त्या प्रवासाबद्दल मला पुष्कळांनी विचारलं आणि प्रत्येक वेळी मी सागाच्या जंगलाचं वर्णन करून वेळ मारून नेली. जंगल सुंदर होतं, त्यात खोटं काही नाही. पण मी तिथे जंगल पाहायला गेलो नव्हतो. एका माणसाची वही खरी की खोटी, हे ठरवायला मला पाठवलं होतं. ती खरी होती हे मला तिथे कळलं, आणि तरीही परत आल्यावर मी असं काही लिहिलं की त्या माणसाचं नाव खराब झालं. आता मी पंचाहत्तरी ओलांडली आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, पण हात अजून कापत नाही. तेवढ्यात हे लिहून पुरं करणार आहे.

काम काय होतं ते आधी सांगतो. पाण्यातून वीज सोडली की पाणी फुटतं. एका बाजूला हायड्रोजन निघतो, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन. हायड्रोजन जाळला तर धूर नाही, राख नाही. अडचण एवढीच की पाणी सहज फुटत नाही. लागायला हवी त्यापेक्षा बरीच जास्त वीज त्यात खर्च होते. पाण्यात वीज सोडणाऱ्या धातूच्या जाळीवर योग्य लेप असला तर हा जास्तीचा खर्च कमी होतो. त्या लेपाला आम्ही उत्प्रेरक म्हणतो. प्लॅटिनमसारखे धातू हे काम उत्तम करतात, पण ते घेऊन गावोगाव कोण जाणार? म्हणून पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही निकेलच्या मागे लागलो होतो. ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. निकेलच्या जाळ्यांचा एक घट, म्हणजे थोडा दाहक क्षार घातलेलं पाणी फोडायचं भांडं, आम्ही उटनूरच्या बाजूला, गोंड मुलांच्या एका आश्रमशाळेत बसवला होता. छपरावर सूर्यवीज देणाऱ्या चार पाट्या, खाली घट, आणि निघालेल्या हायड्रोजनवर स्वयंपाकघरातली एक शेगडी.

आमच्या प्रयोगशाळेतली जाळी दर आठवड्याला थोडी थोडी सुस्त होत जाई. उटनूरहून येणाऱ्या नोंदी मात्र उलट सांगत होत्या. तिथली जाळी सुधारत होती. आमच्या प्रमुखांनी ती पानं टेबलावर टाकली आणि म्हणाले, "मास्तर घरी बसून आकडे भरतोय. जा, पाहून या."

आदिलाबाद

नागपूरहून निघालेली बस पांढरकवड्याच्या पुढे पैनगंगा ओलांडते आणि पाट्यांची लिपी बदलते. माणसं बदलत नाहीत. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी पुलाच्या अलीकडे सुरू केलेली जावेची तक्रार पलीकडे त्याच मराठीत संपवली. कंडक्टर मात्र पूल ओलांडल्यावर तेलुगूत ओरडू लागला. आदिलाबादला उतरलो तेव्हा कापसाचा हंगाम होता. बाजाराच्या रस्त्यावर बैलगाड्यांची रांग, आणि गाडीवान गाडीखालीच चूल मांडून बसलेले. लॉजचा मालक माझ्याशी मराठीत, नोकराशी तेलुगूत आणि फोनवर उर्दूत बोलत होता. मला हे फार नवलाचं वाटलं. त्याला माझ्या नवलाचं नवल वाटलं.

जेवायला ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी. आमच्याकडे अंबाडी शिजवताना तिचा आंबटपणा मारण्याची खटपट करतात. इथे तो जपतात, वर हिरव्या मिरचीचा ठेचा देतात आणि डोळ्यांत पाणी आलं की आनंदानं पाहत राहतात.

माझ्याबरोबर एक पेटी होती. तिच्यात नवी निकेल जाळी, मोजमापाची साधनं आणि पेंढ्यात गुंडाळलेला एक काचेचा बुधला. बुधल्यात आमचं तीनदा ऊर्ध्वपातन केलेलं पाणी. शुद्धता हा आमच्या प्रयोगशाळेचा धर्म होता. घटात बाहेरचा कण गेला की जाळी बिघडते, असं आम्हाला शिकवलं होतं आणि आम्ही ते पुढे शिकवत होतो.

उटनूरच्या पुढे

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल बसनं उटनूर गाठलं. तिथून गावापर्यंत बैलगाडी. गाडी घेऊन स्वतः मास्तरच आले होते. यशवंत तामगाडगे. माझ्याच वयाचे, पस्तिशीचे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांचे वडील सीमेवरच्या गावात दुसऱ्याच्या शेतात राबले होते. घराण्यात पहिले शिकलेले हेच; बुद्धवंदना म्हणून दिवस सुरू करायचे आणि दारूला शिवायचे नाहीत.

"डॉक्टर साहेब, पेटी मांडीवर घ्या. पुढं नाला हाय."

मी डॉक्टर नव्हतो. तसं सांगितलंही. ते म्हणाले, "होसाल. आमी आधीच म्हणून राह्यलो."

पेटी मी मांडीवर घेतली नाही. एवढा पेंढा भरला आहे, काय होणार, असं वाटलं. नाल्यात चाक दगडावर चढलं, खाली आपटलं, आणि पेटीतून बारीकसा आवाज आला. उघडून पाहिलं तर तीनदा शुद्ध केलेलं पाणी पेंढ्यात जिरलं होतं.

मास्तरांनी पेंढा हातानं दाबून पाहिला. "बैलाले आज भारी वैरण भेटली," ते म्हणाले. मग माझं तोंड पाहून गंभीर झाले. "पाण्याचं टेन्शन घेऊ नका. पाणी आपुन तयार करू."

"ऊर्ध्वपातित पाणी लागतं हो. विहिरीचं चालत नाही."

"तेच म्हणतो. करू."

शाळा

घटाची खोली शेणानं सारवलेली, काचेची भांडी उन्हात वाळत घातलेली. वही भिंतीला दोरीनं बांधलेली. का बांधली, असं विचारलं तर म्हणाले, "वही सगळ्याइची हाय. कोणी घरी नेऊ नये. मी बी." दर शनिवारी प्रार्थनेनंतर ते आठवड्याच्या नोंदी मोठ्यानं वाचून दाखवत, मुलं, स्वयंपाकीण, गावातले दोनचार म्हातारे ऐकायला बसत. आमच्याकडे शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही वही दाखवायची पद्धत नव्हती. आम्ही वह्या कुलूपबंद ठेवत असू.

दुपारी बारा वाजता आम्ही मिळून नोंद घेतली. त्यांनी तारेची लांबी कमीजास्त करून विजेचा प्रवाह ठरलेल्या खुणेवर आणला आणि मला म्हणाले, "आता तुमी वाचा. मी वाचलं तर मंग मास्तरनं वाचलं म्हनतीन."

म्हणजे मी कशासाठी आलो ते त्यांना ठाऊक होतं. जाळीवरचा विजेचा दाब मोजायला मी माझा मीटर लावला. काटा त्यांच्या वहीतल्या आकड्यावरच थांबला. मी मीटर बदलला, तारा बदलल्या. काटा तिथेच.

"वही खोटी नाही," मी म्हणालो.

"नाही," ते म्हणाले. "पण काऊन असं होते, ते तुमाले माहीत हाय का?"

मला माहीत नव्हतं. त्यांना होतं, पण ते सांगायला घाई करत नव्हते. आधी त्यांना मला पाणी दाखवायचं होतं.

जंगूबाईचं अंगण

शाळेला ऊर्ध्वपातित पाणी आदिलाबादहून बसच्या टपावरून यायचं. पावसाळ्यात रस्ता बंद झाला आणि ते यायचं थांबलं. घट कोरडा पडायला आला तेव्हा मास्तरांनी विचार केला की या गावात ऊर्ध्वपातन कोणाला येतं? उत्तर एकच होतं. जंगूबाई.

जंगूबाई ही गावातली म्हातारी गोंड बाई. मोहाची फुलं आंबवून ती दारू काढायची, देवाला, लग्नाला, मर्तिकाला. चुलीवर एक मडकं, त्यावर दुसरं पालथं, सांधे ओल्या मातीनं लिंपलेले, आणि वाफ वाहून नेणारी एक नळी गार पाण्यात ठेवलेल्या तिसऱ्या मडक्यात उतरलेली. गोंडांकडे ही नळी बहुधा बांबूची असते. जंगूबाईचा बांबू सारखा तडकायचा, म्हणून तिनं मोडक्या सायकलच्या सांगाड्याची लोखंडी नळी कापून लावली होती. मास्तरांनी पाण्यासाठी नवी मडकी आणली. नळी तिचीच.

आम्ही गेलो तेव्हा तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हा कोन?"

"पुण्याचे साहेब हायेत, बाई. पानी पाहायले आले."

"पुन्यात पानी नाही?" ती म्हणाली, आणि अंगणातल्या बायका फिसकन हसल्या. मग मला सांगू लागली, "ह्या मास्तरले दारू चालत नाही, दारूची नळी चालते. माह्या भट्टीवर बसून मले दारू सोड म्हनते अन् पानी गाळते. अशी फुकाची भट्टी लावणारा गिऱ्हाईक म्या जन्मात पाह्यला नाही!"

"सोडनार हाय ती," मास्तर मला म्हणाले.

"मरनार हाय ती आधी," ती म्हणाली.

विहिरीचं पाणी मडक्यात ओतलं, चूल पेटवली. पहिलं पाणी मास्तर फेकून देत. दारूचा वास राहू नये म्हणून. मग थेंब थेंब पाणी जमू लागलं. तिनं मला भाजलेली मोहफुलं खायला दिली, गोड, किंचित धुरकट. जमलेलं पाणी काचेत धरलं तर आरपार दिसत होतं. पण मास्तरांनी ते उन्हात तिरपं केलं आणि तळाकडे बोट दाखवलं. तिथे अगदी पुसट तांबूस झाक होती.

"गंज," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी वहीचं एक पान उघडलं. श्रावणात त्यांनी पावसाचं पाणी काचेच्या बाटल्यांत भरून ठेवलं होतं. सुट्या जाळ्या लावून काचेच्या भांड्यांचे दोन लहान घट केले; एकात ते, दुसऱ्यात भट्टीचं, बाकी सगळं सारखं. पावसाच्या पाण्यातली जाळी आमच्यासारखीच सुस्त झाली. भट्टीच्या पाण्यातली सुधारली. मग त्यांनी पावसाच्याच पाण्यात गंजका खिळा घासून ते फडक्यातून गाळलं आणि घटात घातलं. ती जाळीही सुधारली.

"जाळीत नाही साहेब, पान्यात हाय. अन् पान्यात बी नाही, नळीत हाय. लोखंड."

पुण्याहून आणलेली नवी जाळी मी त्यांच्या घटात बसवली. पहिल्या दिवशी ती आमच्या सवयीनं वागली. तिसऱ्या दुपारपर्यंत काटा उतरला होता; तेवढ्याच प्रवाहाला आता कमी दाब लागत होता. आम्ही जिला घाण म्हणत होतो, तीच काम करत होती. निकेलच्या अंगात लोखंडाचा अंश शिरला की ऑक्सिजन सहज सुटतो. हे आज कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक असतं. त्या दिवशी मला ते एका मास्तरानं शिकवलं, दोरीनं बांधलेल्या वहीतून. ते पान मी माझ्या वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं.

निघताना त्यांनी एकच मागणं केलं. "साहेब, रिपोर्टमंधी लिहा की वही खरी हाय. बाकी काही नको. इथल्या ऑफिसात म्हनून राह्यले की मास्तर आकडे बनवते. शाळेत आमचे लोक नवे हायेत, पाहनारे लय हायेत."

मी त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, लिहीन.

पुणे

मी प्रमुखांना सगळं सांगितलं. लोखंडाचं नाव काढताच त्यांनी हात वर केला. आमची सगळी वर्षं शुद्धतेवर उभी होती. खेड्यातल्या मास्तरानं गंजानं ती पाडावी, हे त्यांना ऐकायचंच नव्हतं. "अशुद्ध पाणी वापरलं, म्हणून नोंदी ग्राह्य नाहीत. पाणी कुठून आणलं तेवढं लिहा आणि विषय संपवा."

मी वाद घातला नाही. माझी नेमणूक कायम व्हायची होती. मी लिहिलं: "घटासाठी वापरलेले पाणी स्थानिक दारूच्या भट्टीतून मिळवलेले असल्याचे पाहणीत आढळले." प्रत्येक शब्द खरा होता. नवी मडकी, फेकलेलं पहिलं पाणी, बंद पडलेला रस्ता, श्रावणातल्या बाटल्या, यातलं काहीही लिहिलं नाही. वही खरी आहे, हेही लिहिलं नाही. वाक्य लिहून झाल्यावर मी ते पुन्हा वाचलं. वाचणाऱ्याला त्यातून काय दिसेल हे मला त्या वेळी समजलं होतं. मी कागद टंकलेखनाला दिला. अहवाल प्रमुखांच्या सहीनं गेला.

पुढचं मला पत्रानं कळलं. ते वाक्य तिथल्या कार्यालयात कोणीतरी मिसलीतून, म्हणजे फायलीतून, काढून वर पाठवलं. शाळा आणि दारूची भट्टी एका ओळीत आली म्हटल्यावर तहकीकात लागली. घट काढून नेला. मास्तरांची बदली झाली. आबकारीवाल्यांनी जंगूबाईची मडकी फोडली. पत्र मास्तरांचंच होतं, सुवाच्य अक्षरात: "साहेब, तुम्ही स्वतः पाहिलं आहे. दोन ओळी लिहा की ते पाणी होतं." पत्र मी तीनचार दिवस खिशात ठेवलं. मग ड्रॉवरमध्ये. उत्तर दिलं नाही.

वर्षभरानं प्रमुख निवृत्त झाले आणि मी निकेलवर मोजून लोखंड घालायला सुरुवात केली. काटा उतरला. मी शोधनिबंध लिहिला. परदेशातही काही जण याच वाटेवर होते, त्यामुळे पहिला असल्याचा दावा मी कधी केला नाही. पण मला वाट दाखवणारा एकच माणूस होता आणि त्याचं नाव त्या निबंधात आभारातसुद्धा नव्हतं. त्याच कामावर मी डॉक्टर झालो.

भैंसा

दुसरा प्रवास मी निवृत्तीनंतर केला, आंध्र प्रदेश अजून एकच होता तेव्हा. भिंतींवर वेगळ्या राज्याच्या घोषणा रंगवलेल्या होत्या. मास्तर आदिलाबाद जिल्ह्यातल्याच भैंसाला मुलीकडे राहतात असं कळलं होतं. मी ठरवून गेलो होतो. घरात शिरल्याबरोबर, पाण्याचा पेला हातात घेण्याआधी सांगायचं, असं ठरवलं होतं.

भैंसात जिनिंगच्या बाजूला हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात. माणसांच्या भुवयांवर बसतात. मास्तर दारातच उभे होते, पांढऱ्या भुवया घेऊन, आणि क्षणभर मला कळेना की वय कुठलं आणि कापूस कुठला.

"अगं, डॉक्टर साहेब आले!" त्यांनी आत हाक दिली. "मी म्हनलं होतं ना, होतील म्हनून."

त्यांच्या पत्नी लीलाबाई पाणी घेऊन आल्या. मी पेला घेतला. मास्तर बोलतच होते. जाळीचं पुढं काय झालं? लोखंड किती घालायचं? निकेलमध्ये ते बसतं तरी कुठं? मी सांगत गेलो आणि ते लहान मुलासारखे मांडीवर थाप मारत गेले. "पाह्य, लीला. लोखंडच होतं!"

"लोखंडापायी नाव गेलं," लीलाबाई म्हणाल्या.

"नाव कुठं जाते? बदलीच्या गावात लोक दारूवाला मास्तर म्हनत. मी म्हनो, हाव, पन माह्यी दारू पेटवली तर धूर नाही निंगत."

लीलाबाई हसल्या नाहीत. भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, "भाऊ, माह्या पोरीच्या सोयरिकीच्या वक्ती लोकाइनं हेच काढलं. बाप दारूच्या भानगडीत होता म्हने. एक घर फिरून गेलं. तो कागद कोनं लिवला, ते आमाले कधी समजलं नाही."

"ऑफिसातल्याच कोनं तरी," मास्तर म्हणाले. "साहेबाइनं सगळं नीट लिवून देलं होतं. यायनं मधातच फिरवलं. मी पुन्याले पत्र टाकलं होतं साहेब, पन तुमाले भेटलं नसन. भेटलं असतं त तुमी लिवलंच असतं."

त्यांनी हे विचारलं नव्हतं. ते लीलाबाईंना समजावून सांगत होते, बहुधा शंभराव्यांदा. दोघंही माझ्याकडे पाहत होते. लीलाबाईंचे पिठाचे हात थांबले होते.

मी म्हणालो, "नाही मिळालं."

त्या पुन्हा भाकरी थापू लागल्या. मला तीन भाकऱ्या वाढल्या, वांग्याची भाजी, वर तेल. मी जेवलो. मास्तर स्टँडवर पोचवायला आले. बस भरायला पाऊण तास लागला आणि तो सगळा वेळ ते खिडकीशी उभे राहून बोलले. पाऊण तास पुष्कळ असतो. बस हलली तेव्हा त्यांनी नमस्कार केला आणि मीही केला.

दोन वर्षांनी त्यांच्या मुलीचं पत्र आलं; ते गेले होते. लीलाबाई त्यांच्याआधीच गेल्या होत्या. ज्या मासिकात माझा निबंध छापला होता, त्याच्या संपादकांना मी आता लिहून कळवलं आहे की लोखंडाचं ते निरीक्षण यशवंत तामगाडगे यांचं आहे, आणि कसं ते पुराव्यासह. माझ्या वहीतल्या त्या पानाची प्रत जोडली आहे. मुलीलाही हा मजकूर छापायच्या आधी पाठवला आहे. तिचं उत्तर आलेलं नाही, आणि ते यावं असा माझा हक्क नाही.

भैंसाच्या स्टँडवर, खिडकीतून, मला एवढंच म्हणायचं होतं: मास्तर, पत्र मला मिळालं होतं. तो कागद मी लिहिला. तुम्ही पाणी गाळत होता हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरीही मी दारू लिहिलं. माझं चुकलं. तुमची वही खरी होती.